दुसऱ्या गोलाचा आनंद

१० मार्च

चि. चिंगीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्लबाने पत्रकार कक्षातली माझी खुर्ची खांबामागे नेली, या घोर अधर्माचा निषेध नोंदवून पत्र सुरू करतो. आता अर्धे मैदान मी पाहायचे आणि उरलेले अर्धे तुमच्या माध्यम विभागाने मला कळवायचे, अशी योजना दिसते. तक्रार श्लोकबद्ध करणार होतो. वृत्त जमले, वाचणारा सापडेना.

आता कामाचे. काल सामन्यानंतर आम्हाला खेळाडूंना भेटू दिले नाही, तुमच्याकडून आयती प्रतिक्रिया आली. त्यात कप्तान म्हणतो, की दुसरा गोल होताच तो आनंदाने धावत सुटला. अगं, डोके आपटून त्याला स्ट्रेचरवरून नेले, त्यानंतर दहा मिनिटांनी तो गोल झाला. खांबाआडूनही एवढे दिसले. हे लिहिले कोणी?

उत्तर धाड. लोभ आहेच.

तुझा मामा

१२ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

मीच लिहिलं. प्रतिक्रिया आम्ही मध्यंतरातच लिहून ठेवतो आणि गोल झाला की मोकळ्या जागा भरतो. घाईत तो मैदानाबाहेर गेलाय हे विसरले. नंतर त्याला दाखवायला गेले, तर आपण जिंकलो का, असं त्यानं मला तीनदा विचारलं. तिथेच असलेले आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, किरकोळ मार आहे, तेवढंच जाहीर कर. येत्या रविवारी त्याला खेळवणार आहेत.

मामा, हे छापू नकोस. खोलीत आम्ही तिघंच होतो, बोट माझ्याकडेच येईल. आईलाही सांगू नकोस. मग तुला तरी का लिहितेय, ते मलाच कळत नाही. रागावू नकोस, माया असू दे.

चिंगी

१४ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

ताईला काही बोललो नाही. तुझ्या पत्रातले अक्षरही वापरले नाही. मी पाहिले तेवढेच लिहिले: स्ट्रेचर कितव्या मिनिटाला, गोल कितव्या मिनिटाला, आणि शेजारी तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी. डॉक्टरांनी तपासले का, हेही क्लबाला विचारले. ‘किरकोळ मार’ एवढेच उत्तर आले. उद्या छापून येईल. माझी खुर्ची पुढेमागे जाईल. तिच्यावर विलापकाव्य रचणार नाही. तुझ्यावर मात्र बालंट येईल, हे जाणून लिहिले.

खरे सांगू? ती तीनदा विचारल्याची गोष्ट छापली असती, तर त्याला रविवारी बाहेर बसवावेच लागले असते. ती मी तुझ्यासाठी गाळली. परवा तो मैदानात उतरला, तर तुझे पत्र खिशात ठेवून मी खांबामागे बसलेला असेन. मला त्या बसण्याची भीती वाटते.

रविवारनंतरही लोभ असू दे.

मामा