ये किसना, जेवाले बैस

माय, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी मुंबईत मजेत हाये. खोकला गेला. तुह्या ठेच्याची बरणी अजून पुरून राहिली. तुहे गुडघे कसे हायेत? आपली आरती हे पत्र तुले वाचून दाखवत असीन, तं तिले म्हणजो, मधात थांबू नको.

मी लिहिलेला खूनखराब्याचा पिक्चर शुक्रवारी अकोल्यात लागते. तू पाहाले जाऊ नको, माय.

त्यात बाबा हायेत. धुऱ्याच्या, दोन वावरांमधल्या बांधाच्या भांडणापायी किसनकाकानं बाबाले मारलं, त्या दुपारी बाबानं वावरात डबा उघडलाच होता. कुऱ्हाड घेऊन येणाऱ्यालेबी त्यायनं रोजच्यासारखं म्हटलं, "ये किसना, जेवाले बैस." तुले विहिरीवर आयकू आलं होतं. तेच मी लिहिलं.

डायरेक्टर म्हणाले, "इथं लोक हसले पाहिजेत, मग घाव जास्त लागतो." म्हणून पिक्चरमधला किसना कुऱ्हाड बाजूले ठेवून खरंच जेवाले बसते. ठेचा झोंबते, नाक पुसते, अजून भाकर मांगते. काल इथं मुंबईत आधीच एक खेळ दाखवला, तं थेटरात लोक पोट धरून हसले, मंग एकदम चूप झाले. सगळ्यायनं माही पाठ थोपटली.

त्यायले वाटलं, मी हसवाले लिहिलं. मी तं किसनाले वाढतच गेलो, कारण तो जेवत होता तोवर बाबा जिते होते.

अकरा वर्षं तू म्हणून राहिली, मानूस उपाशी गेला. माय, मी बाबाले दोन्ही भाकरी खाऊ देल्या, पाणी पिऊ देल्लं, मंगच किसनाले उठू देल्लं.

तुहा,
विपुल