मुरसिकचा भोपळा

चेरोप,

शेजारीण म्हणाली, तू मला आणायला बसस्टँडवर गेली आहेस. चूक माझीच. केपटाउनहून परतताना लुसाकात मी कच खाल्ली आणि "गाडी विकून बसनं येतो" असं तुला कळवलं. दुसऱ्याच दिवशी फोन नदीत पडला, म्हणून पुढचं सांगायचं राहिलं. आमच्या म्होरक्या तालामबाई म्हणाल्या, "मास्तर, घाबरा की! पण गाडीवर बसून घाबरा." मग तसाच घाबरत घाबरत एल्डोरेटपर्यंत आलो. नऊ जण निघालो होतो, नऊही जण आपापल्या मोटारसायकलवरून परतलो. माझी अंगणात उभी आहे. हात लावून बघ, इंजिन अजून गरम असेल.

शर्यत जिंकून आलेल्यांना तू विमानतळावर मुरसिक पाजतेस. त्या आंबवलेल्या दुधाचा भोपळा मी फळीवरून काढून टेबलावर ठेवला आहे. आपल्याच हातानं पिण्याची रीत नाही, म्हणून झाकण उघडलेलं नाही. सगळे तालामबाईंच्या अंगणात जमले आहेत, मीही तिकडेच चालत जातो. तुला योग्य वाटलं तर भोपळा घेऊन ये.

मला तरी योग्य वाटतं.

बाबा