सिंगल नको, अल्बमच!

३ नोव्हेंबर, सोमवार

भांडले! विपुलदादाशी, फोनवर, सगळी गल्ली ऐकेल अशी. आणि आता इतकं हलकं वाटतंय की पोळ्या लाटताना नाचत होते.

आमची सहा गाणी तयार आहेत. एका लग्नाची — मांडव, हळद, वरात, पंगत, करवलीचा रुसवा, पाठवणी. शब्द आपल्या खान्देशी बोलीतले, आवाज माझा, बाकी सगळं चुलतभाऊ विपुलदादाचं. शनवारा भागात त्याचा वीतभर स्टुडिओ, भिंतींना जुन्या गाद्या! शाळेत पोरांना शिकवून झालं की मी तिथेच. दोन उन्हाळे घाम गाळलाय. आता सुरतची एक कंपनी म्हणते, वरातीचं एकच द्या. सिंगल. बाकीची पाच दोन वर्षं कुठेच टाकायची नाहीत. बावीस तारखेपर्यंत हो की नाही सांगा.

दादा म्हणे, "रंजू, पूरा अल्बम आजकाल कोण ऐकतं यार? लोकांचा अंगठा थांबत नाही. एक गाणं, डीजेवर हिट, बात खतम!"

मी म्हटलं, पंगतीला बसवायचं आणि नुसती जिलबी वाढून उठवायचं?

"अगं, लोक जिलबीच खायला येतात!"

मग माझं डोकं फिरलं. ओरडले — "मला नाही जमणार सिंगल-बिंगल! मला अल्बमच पाहिजे, आणि याच सीझनला पाहिजे!"

आई तिकडे मेथी निवडत होती. एकदम थांबली.

५ नोव्हेंबर

आईचं काहीतरी बिनसलंय. सण ना वार, आणि घरात दराबा! मला चमच्याने भरवला. मग पप्पांकडे बघून डोळे पुसले. रव्यातुपाच्या मिठाईवर रडतं का कोणी?

८ नोव्हेंबर, शनिवार

मेले! मेले! मेले!

उद्या मुलगा बघायला येतोय. जसोंडीचा, केळीवाले, नाव योगेंद्र. मी म्हटलं, मला न विचारता? तर आई म्हणते, "तूच बोलली ना फोनवर! सिंगल जमणार नाही, अल्बम पाहिजे. याच सीझनला! आम्ही बहिरे आहोत का? करू ना अल्बम, ड्रोनवाला करू!"

मी हसत हसत खाली बसले. समजावलं, अगं गाण्यांचा अल्बम, लग्नाच्या फोटोंचा नाही! आई हट्टाला पेटलेली — "लाजते." पप्पा पेपरातून म्हणाले, "येऊ दे. चहाच तर प्यायचा आहे."

९ नोव्हेंबर, रविवार

चहा प्यायला. निम्मा त्याच्या नाकात गेला!

आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. मी आधीच सांगून टाकलं — तुम्ही इथे एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे आलात. सगळं ऐकल्यावर तो असा हसला, असा ठसका लागला, की खालून आई घाबरून वर आली.

मग म्हणाला, "लेकिन तुमची बात बरोबर आहे. मागच्या साली माझ्या भावाची हळद होती. गाणं संपलं की मोबाइलवर सीधी साबणाची जाहिरात! आणि बदलणार कोण? सगळ्यांचे हात हळदीने भरलेले. शेवटी पंडितकाकांनी नाकाने बटण दाबलं." आणि करून दाखवलं. नाकाने! पहिल्यांदा बघायला आलेला मुलगा!

त्याच्या बहिणीची, शीतलची, एकवीसला हळद. म्हणतो, "एका दमात चालणारं काही असेल तर द्या."

लग्नाला मी नाही म्हटलं. हळदीला हो.

१० नोव्हेंबर

आईने जसोंडीला नकार कळवला. दराब्याचा डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर. माझा हात पोचत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाला कसंबसं पटवलं. अट त्याची — हळदीला सहाच्या सहा वाजव, पण लोकांनी नुसती वरात मागितली तर गपचूप सुरतला हो म्हणायचं. मान्य केलं. हरले तर ती पाच गाणी दोन वर्षं गाद्यांमध्ये गुदमरणार.

सगळी गाणी जोडून एकच फाइल केली. दादा लगेच टाळी मागतो — "देख! एक फाइल म्हणजे सिंगलच झालं ना!" मी म्हटलं, सहा भाऊ एका ताटात जेवले म्हणून एक माणूस होतो का? स्टुडिओत दोघं वेड्यासारखे हसलो. खालचा दुकानदार ओरडला तरी हसू थांबेना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नखं अजून पिवळी आहेत. पानावर डाग पडतायत. पडू देत!

वाजलं! पूर्ण वाजलं! मांडवाला बायका नुसत्या माना डोलवत होत्या. हळदीला हात आपोआप पाटावरच्या शीतलकडे गेले. वरातीला धुरळा! योगेंद्रची आत्या सोजरबाई — गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसवलेली — तीच पुढे! दादा डोळ्यांनी खुणावत होता — बघ, हेच गाणं चालतंय, हेच! वरात संपली आणि मी कान टवकारले. कोणी "परत तेच" म्हणतंय का? पण पंगतीचं सुरू झालं, आणि बायका खोटी पत्रावळ मांडून एकमेकींना हळद वाढायला लागल्या. हे आम्ही कोणी शिकवलं नव्हतं.

रुसवा झाला, मग पाठवणी. कोणी नाचेना. शीतलने आईला मिठी मारली, दोन्ही हात भरलेले तसेच. तिच्या आईची सगळी पाठ पिवळी झाली. मला रडू आलं आणि लाज नाही वाटली. माझ्याच गाण्यावर मीच रडले, कळव जगाला.

संपल्यावर सोजरबाई ओरडली, "बंद नको करू वं पोरी! आजून हयद बाकी शे! पैल्यापासून लाव!"

पैल्यापासून! पहिल्यापासून म्हणाली!!

२२ नोव्हेंबर

दादाने स्वतःच सुरतला फोन केला. "सहाची सहा घ्या, नाहीतर राहू द्या." पलीकडून फोन ठेवला गेला. दादाचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं — त्याला सुरतची फार हौस होती. मग तोच म्हणाला, "चल, आपणच टाकू." आणि टाकलं, आमच्या दीडदमडीच्या चॅनेलवर.

२३ नोव्हेंबर

पहिली कमेंट — "गाणं संपतच नाही भाऊ!" ही तारीफ की शिव्या? दादा म्हणतो शिव्या, मी म्हणते तारीफ. सकाळपासून वाद चालू आहे. मजा येतेय!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

योगेंद्रचा मेसेज. लिहितो — "केळीला पाणी देता देता पूर्ण ऐकलं, तीन वेळा. एक सांगू? रुसवा पंगतीच्या आधी पाहिजे होता. पोट भरल्यावर कोण रुसतं?"

आगाऊ! हा कोण मला शिकवणार? केळी बघ म्हणावं आपली! कळवून टाकलं, "क्रम विचार करून लावलाय."

रागारागात शनवाऱ्यात गेले. दादाला म्हटलं, बदलून बघ जरा, गंमत म्हणून. आधी रुसवा, मग पंगत. करवली रुसली, तिला समजावून पानावर आणली, आणि त्या भरल्या घरातून पाठवणी निघाली.

बरोबर आहे त्याचं. हुशार मेला!

आजवर लोकांनी आवाज छान म्हटलं, ठेका छान म्हटलं. कुठल्या गाण्यानंतर कुठलं यावं, हे ऐकणारा हा पहिला. सगळी गाणी पुसून नव्या क्रमाने टाकली. त्याला कळवलं नाही. त्याला कळेलच.

कळलं. नुसतं एक पिवळं फूल पाठवलंय. मी शाळेच्या वह्या तपासताना उगाच हसतेय. तिसरीच्या एका पोराला चुकलेल्या गणितावर शाबास दिलं.

२६ नोव्हेंबर

आईला म्हटलं, जसोंडीला परत फोन लाव. मी नाही बोलणार — तूच बोल!