दुर्बिणीशिवाय नेम

चाकूर,
१२ जानेवारी २०२५

ती. सुदर्शनदादास,
उज्वलाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण तिचं बोलणं थांबेल इतका नाही. तूर काढून झाली. हरभऱ्यावर वानरांचा धुमाकूळ चालूच आहे. तिकडे बर्फात तू कानटोपी घालतोस ना? फोटोत तर कधी दिसत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन लागला की तू आधी "काय गं नेमबाज!" म्हणतोस आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून कागद घेतला.

चौकातल्या फ्लेक्सचा फोटो तू पलटणीत सगळ्यांना दाखवलास, असं आईकडून कळलं. 'दुर्बिणीशिवाय अचूक नेम! रौप्यकन्या उज्वला.' मजकूर शेजारच्या अमृतरावकाकांचा. माझ्या गालावरचा काळानिळा डाग मात्र फ्लेक्सवाल्याने पुसून टाकला. तू दिलेली एअर रायफल दुर्बिणीसाठीच बनलेली. तिच्यावर नेम धरायला ना मागची खाच, ना नळीच्या टोकावरची माशी, आणि खांद्याला टेकवायचा दस्ता उंच. नुसत्या माशीवर नेम धरायचा तर डोळा खाली आणायला गाल दस्त्यात खुपसावा लागतो. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या कशिशच्या अब्बांनी, खाजाचाचांनी, खाच-माशी बसवून दिली, पण बडबड करतच.

"बेटा, टोपी डोक्यासाठी बनवलेली अन् तू पायात घालून राहिली. दुर्बीण कुठं हाय?"

"खराब झाली, चाचा."

"मंग आण की इकडं. बघतो मी."

मी नेली नाही. कशी नेणार? दुर्बीण धडधाकट आहे, दादा. कपाटात तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली आहे. आत धुकं धरलं, असं तुला सांगितलं होतं तेही खोटंच.

स्पर्धा नांदेडला होती, विष्णुपुरीजवळच्या एका क्लबात. नाव द्यायला गेले तर मुलींच्या दुर्बिणीच्या गटात बावीस नावं, त्यात कशिश. सरावात मी तिच्या पुढे एकदाही गेलेली नाही. साध्या माशीच्या गटात मात्र एकच नाव. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लोकांना सांगायला कारणही झकास सापडलं: दुर्बीण काय कुणीही लावतं, खरा नेम माशीवरचा! हे मी इतक्यांदा म्हटलं की मलाच पटायला लागलं.

तर त्या गटात आम्ही दोघीच होतो. आणि मी दुसरी आले.

लिहिलं एकदाचं. कान तापलेत माझे.

परवा इथे सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. माईक हातात आला तेव्हा म्हटलं, आता सांगूनच टाकावं. "आमच्या गटात दोघीच होतो," म्हणाले. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! अमृतरावकाका म्हणाले, "बघा, किती साधी लेक हाय! लई गुणाची!" कशिश मागे उभी होती. ती बाविसात चौथी आली, तिला कुणी नारळ दिला नाही. तिने टाळी वाजवली नाही. फेटा फेकून पळून जावं इतकी लाज वाटली, आणि तरी फोटो काढताना मी हसले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, दुर्बिणीसकट. वाटलं होतं, झोडपेल. ती शेंगा फोडत होती. टरफलं बाजूला सारत म्हणाली, "अन् पहिली आली ती कोन?"

"किनवटकडची. वसतिगृहातली पोरगी. क्लबचीच रायफल घेऊन खेळली."

"नाव काय तिचं?"

दादा, तिच्या शेजारी उभी राहून मी फोटो काढला. तिने माझा हात हातात घेतला, माझं नाव घेऊन "छान खेळलीस" म्हणाली. आणि मला तिचं नाव माहीत नाही. विचारलंच नाही मी.

ज्यांना ज्यांना तो फ्लेक्सचा फोटो दाखवलास, त्यांना हे पत्रही वाचून दाखव.

तुझी,
दोघींतली दुसरी,
उज्वला