ट्रॉलीतली कोकरं

१४ नोव्हेंबर
घोडी गेली! आबांनी दोर व्यापाऱ्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. हट्ट माझाच. मोटारसायकलला मागं दोन चाकांची ट्रॉली जोडली की कोवळी कोकरं, भांडी, अंथरुणं, घोडीच्या पाठीवरचं सगळं तिच्यात. आई-आबा मेंढरं चालवत आणतील, मी पुढच्या मुक्कामी जाऊन थांबेन. "घोडं कधी पंक्चर हुत न्हाय," आबा एवढंच म्हणाले.

१७ नोव्हेंबर
वरकुटे गाव सोडलं. ट्रॉली झकास पळते! आई म्हणाली, "कोकरं निवांत झोपल्यात की रं." आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१९ नोव्हेंबर
घात झाला. माळेगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरला बाजू देताना ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं. आत पेट्रोलचा कॅन होता, तो आडवा झाला. झाकण सैल — नऊच्या नऊ कोकरं भिजली. सैल कोणी ठेवलं? मीच.

हापशावर नेऊन साबणानं चोळचोळून धुतली. केवढा शहाणा मी! संध्याकाळी कळप आला. आया धावत आल्या, हुंगलं आणि ढुशी मारून बाजूला झाल्या. एकीनंही कासेला तोंड लावू दिलं नाही.

"धुतलंस?" आई किंचाळली. "सूरज, वासावरच वळखत्यात रं त्या! पेट्रोल उडून तरी गेलं असतं. तू त्येंचा सोताचा वास बी धुतलास!"

२० नोव्हेंबर
आई मेंढी धरते, मी कोकरू लावतो. तोंड लागायच्या आत ती हिसडा मारून सुटते, पुन्हा ढुशी. कोकरं दुधाची बाटलीही ओढत नाहीत. तीन गेली.

२१ नोव्हेंबर
आणखी पाच. खड्डे मीच खणले.  आबांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेंढ्या दिवसभर ओरडतात — पिल्लू समोर मरत होतं तेव्हाही पिल्लालाच हाका मारत होत्या. कुठं तोंड लपवू?

२२ नोव्हेंबर
एकच उरलंय. मोटारसायकलला टेकून मांडीवर घेतलं, तेव्हा बाटलीतून दोन घोट प्यालं.

२३ नोव्हेंबर
ट्रॉली विकायला इंदापूरला निघालो. किक मारली. आवाज ऐकून ते उरलेलं कोकरू लटपटत धावत आलं — आणि इंजिनाखाली तोंड खुपसून दूध शोधायला लागलं.