रिकाम्या डोक्यानं चालणारी बाई

माय,

शाळेच्या समितीनं मला नोकरी आणि चालणं यांतलं एक निवडायला सांगितलं आहे, म्हणून तुला लिहिते आहे. मुलींना पुन्हा पायी कुठेही नेणार नाही अशा हमीपत्रावर सही करा, नाहीतर शनिवारपर्यंत दुसऱ्या बाईंकडे चार्ज द्या, असा कागद आला. समितीला उत्तर द्यायला मला दोन ओळी पुरल्या असत्या. पण याच नोकरीसाठी तू दहा वर्षं डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन चाललीस. तेव्हा काय ते आधी तुला सांगायला हवं. तू जाऊन बावीस वर्षं झाली, अडवायला येणार नाहीस, हे माहीत असूनही.

घडलं ते इतकंच. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी वरच्या वर्गातल्या चौदा मुलींना घेऊन मी अकोल्याहून बाळापूरला चालत गेले. आठ कोस. घरच्यांच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. उजाडता उजाडता मोर्णा ओलांडून जुन्या शहराच्या तटाखालून बाहेर पडलो. थंडी होती, मुली पहिला कोसभर नुसत्या बडबडत होत्या. मग बडबड थांबली आणि त्या बघायला लागल्या. वेचणीच्या बाया कमरेला बांधलेले कापसाचे ओटे सांभाळत शेताच्या धुऱ्यावर येऊन आम्हाला बघत होत्या, आम्ही त्यांना. चार गाडीवानांनी गाड्या थांबवल्या. "बसा ना बाई, जागा हाय." नको म्हटलं की त्यांना राग यायचा. एक जण तर जाता जाता बैलांनाच म्हणाला, "चला रे, आपली गाडी बाईले वास मारते."

व्याळ्याला विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. तिथं एक म्हातारी दोर सावरत उभी होती. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "काय व बाई, कोन्या देवाले चालल्या?"

"देवाला नाही."

"मंग बजार?"

"बाजारही नाही."

"डोक्स्यावर काई नाही, कडेवर लेकरू नाही. मंग चालून कावून राहिल्या?"

"बाळापूर बघायला."

"बाळापूर पाह्याले मोटार जाते ना."

माझ्या वर्गात एक बोलघेवडी मुलगी आहे, तिला राहवलं नाही. "मोटारीत बसलो असतो तं तुमी दिसल्या असत्या का आजी?"

म्हातारी हसली, घरात गेली आणि भाकरी-कांदा घेऊन आली. "डोक्सं रिकामं हाय तं हाय. पोट तं रिकामं नका नेऊ."

मुलींना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण म्हातारीचा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. आपल्याकडे बाईनं चालायचं ते काहीतरी वाहून नेण्यासाठी. तू सकाळी भरली टोपली घेऊन अमरावतीच्या बाजाराला यायचीस, तीन कोस, आणि परतताना टोपली रिकामी झाली की बडनेऱ्याच्या अलीकडे वाटेवरच्या काटक्या वेचून, शेण गोळा करून ती भरायचीस. घरी चुलीला सरपण भरपूर असलं तरीही. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "खाली टोपली घेऊन येनारी बाई हिंडून आली म्हन्तात."

आणि तो दिवस. मला शाळेत घालायला आपण निघालो, शेजारच्यांची गाडी अमरावतीला सरकी घेऊन चालली होती. तू मला पोत्यांवर बसवलंस आणि स्वतः मागून चालत आलीस. मी मागे तोंड करून बसले आहे. चाकांची धूळ तुझ्या तोंडावर येते आहे. तू पदरानं तोंड पुसतेस, टोपली सावरतेस, पुन्हा चालतेस. मला ते बघवलं नाही. मी उडी मारून खाली उतरले. तू चालता चालताच माझ्या पाठीत एक धपाटा घातलास.

"मी चालून राहिली ते तुले चाला लागू नये म्हनून. चढ वर."

मी चढले. त्या वेळी चढले. तेव्हापासून शाळेत, नागपूरला कॉलेजात, या नोकरीत, मी टांग्यात आणि गाडीतच बसत आले. तुझ्या धाकानं. पाय मला आहेत हे मी पन्नाशी जवळ आल्यावर ओळखलं. डॉक्टरांनी साखर कमी करायला फिरा म्हटलं होतं. नदीकाठानं दोन महिने फिरले आणि मग थांबेचना.

समितीचे चिटणीस वकील आहेत, गोड बोलतात. कागद द्यायला स्वतः आले. म्हणाले, "बाई, भल्या घरच्या मुली रस्त्यानं पायी, लोक मजूर समजतील." मी म्हटलं, "समजू देत." तेव्हा त्यांचा गोडवा जरा कमी झाला. "तुमच्याकडे चालायची सवय असेल. सगळ्यांच्या घरी नसते."

"सवय नव्हती, काम होतं," मी म्हटलं. "सवय मी आता लावते आहे."

ते तुझ्याबद्दल बोलले होते, माय, आणि मी तुझ्या बाजूनं बोलले. पण तूही त्यांच्याच बाजूची आहेस, हे मला कळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, कर सही, त्याले काय लागते. तुझं ऐकायचं नाही म्हणूनच हे इतकं लिहिते आहे. तू मला गाडीत बसवलंस ते तुझ्या पायांना दुसरं काही करायची मुभा नव्हती म्हणून. या मुलींना आहे. ओझं नसताना रस्ता कसा दिसतो ते त्यांनी एक दिवस पाहिलं. बाळापूरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दोन नद्यांच्या मधला तो किल्ला, काठावरची दगडी छत्री, सगळं मी आधी वर्गात शिकवलेलं. तरी मुली छत्रीच्या खांबाला पाठ टेकून पाय चोळत बसल्या आणि पहिल्यांदाच इतिहासाबद्दल त्यांनी आपणहून प्रश्न विचारले. रात्री एकीच्या मावशीकडे राहिलो, सकाळी पारसवरून आगगाडीनं परत. एकही मुलगी रडली नाही. दोघींच्या टाचा सोलल्या, त्यांतली एक मी.

त्या छत्रीत मी एक गोष्ट सांगून बसले. एकदा तुझा माल लवकर खपला होता. मी शाळेतून बाजारात आले तर तू म्हणालीस, चाल. आणि रिकामी टोपली कडेवर घेऊन अमरावतीच्या परकोटाच्या कडेकडेनं, एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत, तू मला फिरवलंस. काही आणायचं नव्हतं, काही द्यायचं नव्हतं. मधेच थांबून तटाच्या दगडाला हात लावून पाहिलंस. शेवटी म्हणालीस, "कोनाले सांगू नको." इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. चौदा जणींना सांगितलं.

काल दौत उघडून मी हमीपत्र समोर घेतलं होतं, हेही लपवत नाही. उद्या पगार नाही, पेन्शनीचं काही खरं नाही. मले भेव लागलं, माय. मग दौत मिटली. रविवारी सहा वाजता मी बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागणार आहे. ज्यांना यायचं त्या येतील, कुठल्या शाळेच्या म्हणून नव्हे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. वहीतच राहील.

आज शनिवार, दुपारी चार. दुसऱ्या बाईंच्या हाती दिलं: खोलीची किल्ली, कपाटाच्या दोन किल्ल्या, हजेरीपत्रकं, शाळेचा शिक्का, वाचनालयाची वही, अर्धी खडूची पेटी. हमीपत्र, आलं तसं, सहीविना.