पासवर्डचे पाच तुकडे

ती. मामीस भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका म्हणून डॉक्टर सांगतात आणि तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा डॉक्टरांचं तरी काय चुकलं! माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. मामा गेल्यावर तुझं कपाट आवरायला आलो होतो, तेव्हा रद्दीचे गठ्ठे खाली नेताना कमरेत जी उसण भरली, ती आठ महिने झाले तरी मुक्काम हलवत नाही. बाकी पोटापाण्याचं ठीक, म्हणजे या महिन्याच्या अखेरपर्यंत ठीक. पुढचं खाली लिहितो.

आमचा महासंघ तुला माहीत आहेच. तुझ्या नवऱ्यानेच ते लचांड उभं केलं आणि मला तिथे चिटणीस म्हणून बसवलं. पाच गावांतल्या कॉम्प्युटरवाल्यांचे पाच संघ, त्यांचे पाच अध्यक्ष, चपलांच्या दुकानावरची एक खोली, त्यात अध्यक्षांना पाच खुर्च्या आणि मला एक स्टूल. एका गावात मशीन बिघडलं तर दुसऱ्या गावाने माणूस आणि सुटा भाग पाठवावा, एवढंच मामाचं म्हणणं. पण कोणाकडे काय आहे याची यादी कोणाच्या ताब्यात राहावी, यावर दोन वर्षं भांडण्यात गेली. शेवटी मामानेच तोडगा काढला. यादी खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये ठेवायची आणि त्याच्या पासवर्डचे पाच तुकडे करायचे, प्रत्येक अध्यक्षाकडे एक. वार्षिक बैठकीला पाचही जण जमले तरच ते उघडणार. एकमेकांवाचून अडल्याशिवाय माणसं सहकार्य करत नाहीत, असं मामा म्हणायचा. आता अडलंय बघ, चांगलंच अडलंय.

परवा बैठक झाली. आपल्या गावाने मामाच्या जागी अजून कोणाला निवडलेलं नाही, त्यामुळे त्याची खुर्ची रिकामी. (छत्रीवाल्या अध्यक्षांनी तिच्यावर ओली छत्री वाळत घातली. मी उचलायला गेलो तर म्हणाले, राहू दे, कोण बसणार आहे? मला फार लागलं गं.) एकाने आपला तुकडा टाईप करायचा आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम आहे. शाळेत शिक्षा झाल्यासारखे चार म्हातारे आळीपाळीने भिंतीला तोंड लावून उभे होते. पाचव्या तुकड्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाने भाच्याला सांगितलंच असेल म्हणे! मामा कसला सांगतोय, नियम म्हणजे नियम. मग अंदाजपंचे सुरू झालं. मामाचं नाव, दुकानाचं नाव, शेवटी तुझंही (माफ कर). तीनदा चुकलं की यंत्र तासभर रुसून बसतं. असा सगळा दिवस गेला. जन्मभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ही माणसं, आणि स्वतःचा एक उघडेना! खोलून काढायला चौघेही तयार होते, पण दुसऱ्या गावच्या माणसाने त्याला स्क्रू ड्रायव्हर लावलेला एकालाही चालेना.

सातव्या चहाला ठराव झाला. ‘दिवंगत अध्यक्षांच्या निष्काळजीपणामुळे यादी कायमची हातची गेली असून महासंघ या महिन्याअखेर बंद करण्यात येत आहे.’ लिहायचं काम चिटणिसाचं. मी लिहिलं, मामी. या हाताने लिहिलं. सही तेवढी राहिली आहे. ती केली की कागद पाचही संघांच्या भिंतींवर लागणार. एक सुटा भाग पोचवायला अंगात ताप असताना दिवसभर बसमधून गेलेला माणूस, तो निष्काळजी! सही करायला हात धजत नाही.

आता गंमत ऐक. (गंमत म्हणायचं आपलं.) बैठक संपल्यावर चौघांतले ते सतत खोकणारे अध्यक्ष जिन्यात थांबले होते. हळूच म्हणाले, “तुझ्या मामाची ती तपकिरी डायरी कुठे आहे रे? माझा तुकडा तिच्यात लिहिलेला होता.” रस्त्यात छत्रीवाल्यांनी गाठलं, तेच. उरलेल्या दोघांचे फोन मी घरी पोचायच्या आत. चौघेही आपापला तुकडा केव्हाच विसरले होते! दर वर्षी बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येक जण बाकीच्यांना न कळवता मामाला फोन करायचा आणि मामा डायरीत बघून सांगायचा. मग आज बाकीच्यांना भिंतीकडे वळवून काय टाईप केलंत, म्हणून मी विचारलं. “काहीतरी,” खोकणारे म्हणाले. “नाहीतरी पाचवा नव्हताच.” पाच गावांचं सहकार्य म्हणजे एका माणसाच्या खिशातली डायरी, आणि निष्काळजी कोण, तर तो. चोर तो चोर वर शिरजोर!

अधिक काय लिहू, लिहिलं तेच अधिक झालं. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा

ता. क. ती डायरी तुझ्याकडेच असणार, आणि मामाचा स्वतःचा तुकडाही तिच्यातच. तपकिरी, रबर लावलेली. कपाटात बघ, गादीखाली बघ. तू वस्तू टाकून देतेस असं मी म्हणत नाही, मामा म्हणायचा. मिळाली की ताबडतोब पाठव, म्हणजे ठराव फाडता येईल आणि माझं स्टूलही वाचेल.

ता. क. २. पत्र तीन दिवस खिशातच राहिलं. आज चपला घालायला वाकलो, कमरेत कळ आली आणि रद्दीचा तिसरा गठ्ठा आठवला. सगळ्यात जड तोच होता. वर काहीतरी तपकिरी होतं, रबर लावलेलं. तू दारातून ओरडत होतीस, अरे, एकदा बघून तरी घे! आणि मी तुलाच शहाणपण शिकवलं होतं, की मामी, कागदांत जीव गुंतवू नये. तेव्हा कपाट बघू नकोस. उगाच गुडघे दुखतील.

ता. क. ३. ठरावातलं ‘दिवंगत अध्यक्षांच्या’ खोडून तिथे ‘चिटणिसाच्या’ लिहिलं आणि सही केली. चौघांनी एकमताने मंजूर केलं, महासंघात एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टूल गेलं, माझी राहती भाड्याची खोलीही सोडतोय. सोमवारी सकाळी सामान घेऊन तुझ्याकडे राहायला येतो, चालेल ना? मामाची खुर्चीही आणतोय, तिथे छत्र्या वाळत घालायला ठेवायची नाही. तीन मजले चढवायची आहे. तू खाली येऊन एका बाजूने धरशील का? तुझे गुडघे ठाऊक आहेत मला, पण माझी कंबर ही अशी. एकट्याने अडतं गं.